‘तुम्हाला ब्लॉक केलंय’ असं वेबसाइट म्हणते तेव्हा नेमकं काय झालेलं असतं

साइट उघडायला जावं आणि पानाऐवजी पांढऱ्या स्क्रीनवर ‘सॉरी, यू हॅव बीन ब्लॉक्ड’ किंवा नुसतंच ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं, खाली कसलातरी लांबलचक नंबर असतो, आणि बाकी काही नाही. इकडे फॉर्मची शेवटची तारीख असते, बिल भरायचं असतं, मुलाचा रिझल्ट बघायचा असतो. घरातली मोठी माणसं तर घाबरतातच, त्यांना वाटतं आपल्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं, आता आपलं नाव कुठेतरी लागलं. तसं काही नसतं. कुठल्या माणसाने तुम्हाला बघून हा निर्णय घेतलेला नसतो. एका प्रोग्रॅमने डोळ्याची पापणी लवायच्या आत तुमच्या कनेक्शनबद्दल अंदाज बांधला, तो ‘नको’ असा निघाला, एवढंच झालेलं असतं, आणि हे अंदाज रोज कितीतरी साध्यासुध्या लोकांच्या बाबतीत चुकतात.

म्हणून आधी एकच करा, रिफ्रेश दाबत बसू नका. अशा वेळी हात आपोआप तिकडेच जातो हे खरंय, पण कितीतरी सिस्टीम तुमचा प्रत्येक नवा प्रयत्न मोजत असतात, आणि एका मिनिटात पंधरा वेळा रिफ्रेश झालं की जो संशय थोडासा होता तो पक्का होतो. दुसरा लोकांचा आवडता उपाय म्हणजे घाईघाईत एखादा फुकटचा व्हीपीएन, म्हणजे आपला खरा इंटरनेट पत्ता लपवणारं अ‍ॅप, टाकणे, तो तर बहुतेक वेळा अजून खड्ड्यात घालतो, का ते पुढे सांगतो.

आता हे अडवतं कोण. बऱ्याच मोठ्या साइट्स तुमच्याशी थेट बोलतच नाहीत, मध्ये एक कंपनी असते, क्लाउडफ्लेअर, अकामाई, इम्पर्व्हा वगैरे, तुम्ही साइटचं नाव टाकलं की मागणी आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते, तिथे तपासली जाते, आणि पास झाली तरच खऱ्या साइटकडे पोचते. छोट्या साइट्स, म्हणजे शाळा, पतसंस्था, गावातल्या मंडळाची साइट, या बऱ्याचदा वर्डप्रेसवर असतात आणि तिथे वर्डफेन्ससारखं प्लगइन साइटच्या आतच बसून हेच काम करतं. सर्व्हरवर फेलटूबॅन नावाचा प्रोग्रॅमही खूप जण लावतात, त्याची ठरलेली सेटिंग अशी की एकाच इंटरनेट पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच चुकीचे लॉगिन झाले तर तो पत्ता दहा मिनिटं बंद. त्यामुळे पासवर्ड आठवत नसताना आठ वेळा अंदाजाने टाकणाऱ्याला अचानक साइटच उघडेनाशी होते, आणि त्याला वाटतं साइट पडली.

ही तपासणी लागते का, तर लागते, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेल्वेचंच घ्या. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितलं की तत्काळ बुकिंग उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात त्यातले ५० टक्क्यांपर्यंत बॉटचे असतात, म्हणजे माणूस नाही, प्रोग्रॅम. त्यांनी बॉट रोखणारी यंत्रणा बसवली आणि अडीच कोटींच्या वर संशयास्पद युजर आयडी बंद केले. गणपतीला कोकणात जायचं तिकीट ज्याने कधी सकाळी मोबाइल घेऊन बसून काढायचा प्रयत्न केलाय त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजवायला नको. बॉट अडवलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच आहे की जाळं टाकलं की त्यात माणसंही येतात, आणि त्यांनी पुढे काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही.

प्रोग्रॅम अंदाज बांधतो तो कशावरून? सगळ्यात जास्त वजन असतं तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसला, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता. आणि इथेच आपल्याकडच्या लोकांवर जास्त अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, ज्याला आयपीव्ही४ म्हणतात, ते एकूण साधारण ४२९ कोटीच आहेत, जगाच्या लोकसंख्येपेक्षा कमी. जागतिक साठ्यातला शेवटचा वाटा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाला, आणि आशियाच्या वाट्याला आलेला साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटल्यात जमा झाला. अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांनी आधीच भरपूर पत्ते घेऊन ठेवले होते. आपल्याकडे स्मार्टफोन घरोघरी पोचले ते त्यानंतर, तेव्हा पत्ते उरलेच नव्हते. मग मोबाइल कंपन्या आणि केबलवाले ब्रॉडबँडवाले यांनी एकाच पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाईकं बसवली. याला सीजीनॅट म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पूर्वी एसटी स्टँडवर पीसीओ असायचा तसं समजा. कुणीतरी त्या बूथवरून एखाद्या घरी रोज धमकीचे फोन केले, त्या घराने वैतागून तो नंबरच बंद करून टाकला, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याच बूथवरून त्यांचा सख्खा भाचा फोन करतोय तर तोही लागत नाही. तुमचा मोबाइल डेटा आज असा बूथ आहे. तुमच्याच पत्त्यावरून दुसऱ्या तालुक्यातला कुणीतरी स्क्रिप्ट चालवतो, एखाद्या साइटवर मिनिटाला हजार धडका देतो, आणि दार तुमच्यासाठीही बंद होतं. क्लाउडफ्लेअरच्या लोकांनी स्वतःच २०२५ मध्ये तपासून लिहिलं की असे वाटून घेतलेले पत्ते इतर पत्त्यांपेक्षा जास्त वेळा अडवले जातात, तिथून बॉटचं काम जास्त होत नसतानाही. नव्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही६, आले की हा त्रास कमी होतो, भारत त्यात बराच पुढेही आहे, पण समोरची साइट जुन्याच पद्धतीवर असेल तर आपण परत त्या बूथवर.

कधीकधी मात्र पत्ता खरोखरच आपल्या घरातूनच खराब झालेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. फुकट व्हीपीएनचं सांगतो म्हटलं होतं ते इथे. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस५’ नावाचं एक जाळं बंद पाडलं, त्यात जगभरातले एक कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकलेले होते, आणि लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं होतं मुख्यतः फुकटच्या व्हीपीएन अ‍ॅपमधून. तुम्ही फुकट व्हीपीएन वापरताय असं समजता, आणि तिकडे तुमच्या घरच्या कनेक्शनवरून दुसराच कुणीतरी फसवणुकीचे उद्योग करतो, नोंद तुमच्या पत्त्यावर. तसंच स्वस्तातल्या नाव नसलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचं, ज्यात ‘सगळे चॅनेल फुकट’ असं सांगून विकतात, त्यातल्या कित्येकांत कारखान्यातूनच व्हायरस भरून येतो. एफबीआयने जून २०२५ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने कोर्टात जाताना अशी एक कोटीहून जास्त उपकरणं असल्याचं सांगितलं. तर तुम्हाला एकाच नाही, पाच-सहा वेगवेगळ्या साइट्सवर सतत ‘तुम्ही रोबोट आहात का’ विचारलं जात असेल, आणि घरच्या वायफायवरच असं होत असेल, मोबाइल डेटावर नाही, तर आधी घरात असा बॉक्स किंवा असलं अ‍ॅप आहे का ते बघा. काढून टाका, राउटरचा पासवर्ड बदला, राउटर अपडेट करा.

पत्त्याशिवाय ब्राउझर बघितला जातो. फार जुनं व्हर्जन, जावास्क्रिप्ट बंद, कुकीज बंद, जाहिराती रोखणारी तीन-तीन एक्स्टेन्शन्स, यातलं काहीही असलं की तपासणीचा प्रोग्रॅम नीट चालत नाही आणि तुम्ही बॉटसारखे दिसता. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असेल तरी ‘व्हेरिफाय’चं चक्र फिरतच राहतं, ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणाच्या डोक्यातच येत नाही, जुन्या पीसीची बॅटरी गेलेली असते, घड्याळ मागे पडलेलं असतं आणि माणूस तासभर चौकोनातल्या बस आणि सायकली टिकमार्क करत बसतो.

आणि तिसरं म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये काय टाईप केलं ते. याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून जरा थांबून सांगतो. वसईत किंवा गोव्यात डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा अशी आडनावं आहेत, इंग्रजीत लिहिताना मध्ये वरती एक स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. डेटाबेसच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दाखवायला वापरतात, आणि हॅकर लोक फॉर्ममध्ये तेच घुसवून डेटाबेसला फसवतात. त्यामुळे सुरक्षा नियम त्या चिन्हाकडे संशयाने बघतात. घरच्या पत्त्यात आपण ‘#४’ लिहितो, किंवा दोन छोट्या रेघा ओढतो, तीही डेटाबेसच्या भाषेतली चिन्हं आहेत. एकट्याने काही होत नाही बऱ्याचदा, पण दोन-तीन अशी चिन्हं एकाच फॉर्ममध्ये जमली की सबमिट दाबल्यावर थेट ‘४०३ फॉरबिडन’. ओळख अशी की साइट बाकी सगळी व्यवस्थित चालते, फक्त तो एक फॉर्म पाठवताना ब्लॉक येतो. मग पत्ता साध्या अक्षरांत लिहा, # च्या जागी ‘नंबर’ लिहा, वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉपी केलेला मजकूर असेल तर तो हाताने टाईप करा, आणि बघा. पण आडनावाचं तसं नाही. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच टाकावं लागतं, चिन्ह काढलं तर पुढे नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. ही चूक शंभर टक्के साइट बनवणाऱ्याची आहे, कुणाच्या आडनावाची नाही, आणि ती त्यांना कळवलीच पाहिजे.

देशावरून अडवणं हा वेगळाच प्रकार. भारतातल्या काही सरकारी साइट्स परदेशातल्या आयपीवरून उघडतच नाहीत, दुबईत किंवा जर्मनीत असलेल्या आपल्या लोकांना हा अनुभव चांगलाच माहितीय, गावाकडचा एखादा कागद बघायचा म्हटलं तरी भावाला फोन करावा लागतो. उलट्या दिशेनेही होतं. २५ मे २०१८ ला युरोपात माहिती-सुरक्षेचा जीडीपीआर कायदा लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यून यांनी युरोपातल्या वाचकांना सरळ बंद केलं होतं, तिथे बसलेला माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता.

आता त्या पानावरचे आकडे. ४०३ म्हणजे मागणी पोचली पण द्यायची नाही असं ठरलंय. ४२९ म्हणजे फार लवकर लवकर मागताय, हा सगळ्यात सौम्य, थोडा वेळ थांबलं की बहुतेक वेळा आपोआप सुटतो. क्लाउडफ्लेअरच्या पानावर चार आकडी कोड असतो, १०१५ म्हणजे तेच, वेगाची मर्यादा ओलांडली, १०२० म्हणजे साइटवाल्याने लावलेल्या एखाद्या नियमात सापडलात, १००९ म्हणजे तुमचा देश बंद, १००६ ते १००८ म्हणजे तुमचा आयपीच बंद यादीत. त्याच पानावर तळाला ‘रे आयडी’ असतो, अकामाईच्या पानावर ‘रेफरन्स’ नंबर, इम्पर्व्हाच्या पानावर ‘इन्सिडेंट आयडी’. हा नंबर म्हणजे तुमच्या तक्रारीची पावती आहे. स्क्रीनशॉट काढा, नंबर नीट दिसेल असा. बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच.

मग नेटवर्क बदलून बघा. वायफायवर असाल तर मोबाइल डेटा, मोबाइल डेटावर असाल तर एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, बहुतेक वेळा नवा पत्ता मिळतो. दुसऱ्या नेटवर्कवर उघडलं तर समजायचं की भानगड पत्त्याची आहे, तुमच्या फोनची किंवा अकाउंटची नाही, आणि काम तेवढ्यापुरतं तिथून उरकून घ्यायचं. तिथेही नाही उघडलं तर व्हीपीएन चालू असेल तो बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये उघडा, दुसरा ब्राउझर घ्या, घड्याळ ऑटोमॅटिकवर टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर असाल तर ऑफिसचं नेटवर्कच कारण असू शकतं, तिथे आयटीवाल्यांना सांगण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. आणि कधीकधी गडबड मधल्या कंपनीतच असते. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरच्या बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेतली एक फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी झाली आणि त्यापायी एक्स, चॅटजीपीटी यांच्यासकट जगभरातल्या कितीतरी साइट्स काही तास कोलमडल्या. अशा दिवशी ५०० च्या घरातले एरर दिसतात, म्हणून आधी दोन ओळखीच्यांना विचारा, त्यांच्याकडे चालतंय का.

एक गोष्ट मात्र अगदी जीव तोडून सांगतो. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं खोटं पान २०२४ पासून फार पसरलंय. त्यात लिहिलेलं असतं की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. तुम्ही चौकोनावर क्लिक केलेलं असतं तेव्हाच त्यांनी गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे, टाकलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, चालू लॉगिन सगळं चोरलं जातं. कुठलीच खरी तपासणी, कुठल्याच कंपनीची, ब्राउझरच्या बाहेर जाऊन काही टाईप करायला किंवा पेस्ट करायला सांगत नाही, एखादं अ‍ॅप किंवा एपीके टाकायला सांगत नाही, ओटीपी मागत नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कॉलेजातल्या पोरांनासुद्धा, कारण क्रॅक सॉफ्टवेअर शोधताना तीच यात जास्त सापडतात. कुणाकडून झालंच असेल तर त्या कॉम्प्युटरचं नेट लगेच काढा, दुसऱ्या फोनवरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

समजा सगळं करून झालं आणि ब्लॉक तसाच आहे. मग साइटवाल्याला कळवणं हाच मार्ग. क्लाउडफ्लेअरला लिहून उपयोग नाही, नियम साइटच्या मालकाने लावलेला असतो आणि तोच सोडवू शकतो. पंचाईत ही की काँटॅक्टचं पान त्याच साइटवर असतं आणि तीच उघडत नाही. तेव्हा गूगल मॅप्सवर त्या संस्थेचा फोन बघा, त्यांचं अ‍ॅप असेल तर प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर डेव्हलपरचा मेल आयडी असतो तो घ्या, जुन्या पावतीवर किंवा मेलवर पत्ता असेल तो शोधा, फेसबुक पेज असेल तर तिथे मेसेज टाका. वर्डफेन्सच्या ब्लॉक पानावर मेल टाकायचा एक चौकोन असतो, पण तो साइटच्या अ‍ॅडमिनपुरताच चालतो, साध्या वाचकाने त्यात डोकं घालू नये.

मेलमध्ये चिडून लिहू नका, ज्याच्याकडे तो जाईल तो बहुधा हेल्पडेस्कवरचा माणूस असतो आणि त्याला पुढे टेक्निकल टीमकडे पाठवता येईल असंच लिहा. साधारण असं:

‘नमस्कार. आज सकाळी १०:४० वाजता, भारतीय वेळेनुसार, तुमच्या साइटवर अमुक फॉर्म भरताना सबमिट केल्यावर ब्लॉकचं पान आलं. रे आयडी हा आहे, माझा आयपी हा आहे, स्क्रीनशॉट जोडलाय. घरचं ब्रॉडबँड आणि मोबाइल डेटा दोन्हीवर तसंच होतंय, व्हीपीएन वापरत नाही. कृपया तपासून कळवावे. अर्जाची शेवटची तारीख अमुक आहे.’

‘भारतीय वेळ’ हे शब्द मुद्दाम टाका कारण त्यांच्या नोंदी बऱ्याचदा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत असतात आणि चुकीच्या तासात शोधून ते ‘आम्हाला काही सापडलं नाही’ म्हणून सांगतात. आयपी बघायला गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ टाकलं की दिसतो. तो मेलमध्ये त्यांना द्यायला हरकत नाही, पण सोशल मीडियावर सगळ्यांसमोर टाकू नका. शेवटची तारीख असेल तर हा मेल तारखेच्या आधी गेलेला असणं फार महत्त्वाचं, उद्या मुदतीवरून वाद झाला तर तुमच्याकडे दाखवायला तोच एक कागद असतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर चित्रं ओळखायचा कॅप्चा म्हणजे कायमचाच ब्लॉक. आवाजाचा पर्याय असतो तो बहुतेक वेळा इंग्रजीत, तोही खरखरता. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना ऑनलाइन सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय, त्यामुळे बँकेच्या किंवा सरकारी साइटवर असं अडलं तर तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः साइट सांभाळत असेल, शाळेची, पतसंस्थेची, दुकानाची, तर तुम्हाला एक विनंती. संशय आला की थेट ब्लॉक ठेवू नका, चॅलेंज ठेवा, म्हणजे ‘तुम्ही माणूस आहात का’ ही तपासणी, माणूस असेल तर तो पार होतो. ‘भारताबाहेरचे सगळे बंद’ असं बटण दाबण्याआधी तुमचे किती सभासद परदेशात आहेत ते मोजा. आठवड्यातून एकदा ब्लॉक झालेल्यांची यादी उघडून बघा, त्यात मोबाइल कंपन्यांचे पत्ते जास्त दिसले तर नियम फार कडक झालाय असं समजा. आणि ब्लॉकच्या पानावर जागा मिळत असेल तर तिथेच मराठीत दोन ओळी आणि ऑफिसचा फोन नंबर लिहून ठेवा, कारण अडकलेल्या माणसाला तुमच्या साइटचं फक्त तेवढं एकच पान दिसत असतं.